पालो आल्टो ते रेणापूर

१९८४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका संशोधनपत्रिकेत अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन या दोघांचा लेख छापून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत सी-डॉट ही संस्था उभी राहिली. खेड्यापाड्यांत चालेल असे टेलिफोन एक्सचेंज देशातच तयार करायचे, हे तिचे काम. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती, आणि रेणापूर अजून तालुक्याचे गावही झालेले नव्हते. आज रेणापुरातल्या रेशन दुकानात यंत्रावर अंगठा टेकवल्यावर जे घडते, आणि कित्येकदा जे घडत नाही, त्याची मुळे त्या फेब्रुवारीतल्या लेखात आहेत.

त्या काळी दूरच्या माणसाशी बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे. पोस्टात जाऊन नंबर नोंदवायचा, साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे, अमुकच माणूस हवा असेल तर पीपी म्हणून त्याचे नाव द्यायचे आणि बाकावर बसून राहायचे. कॉल लागला नाही तरी ऑपरेटर काहीतरी निश्चित सांगत असे. लाइनच बंद आहे. घंटी जातेय पण कोणी उचलत नाही. उचलला, पण तो माणूस जागेवर नाही. किंवा बोलणे सुरू झाले आणि मध्येच तुटले. या चार उत्तरांवरून माणूस ठरवायचा की थांबायचे, तार करायची की उद्या परत यायचे. ही चार उत्तरे लक्षात ठेवावीत. पुढच्या चाळीस वर्षांत यंत्रे कितीतरी वेगवान झाली, पण रांगेतल्या माणसापर्यंत ही चार उत्तरे पोचणे मात्र बंद झाले.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तिथे प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर स्वतःचा संगणक होता आणि ते सगळे संगणक इथरनेटच्या तारेने जोडलेले होते. जगात इतरत्र एका मोठ्या यंत्रावर पाळ्या लावून काम चालायचे तेव्हा हे दृश्य नवलाचे होते. पण तार जोडल्याने काम जोडले जात नाही. एका संगणकावरच्या प्रोग्रामला दुसऱ्या संगणकाकडून काही करवून घ्यायचे असेल, तर प्रोग्रामरला सगळे हाताने लिहावे लागे. माहितीचे बाइट कोणत्या क्रमाने लावायचे, पॅकेट कसे पाठवायचे, ते हरवले तर काय करायचे, उत्तर आले हे ओळखायचे कसे. हे काम इतके किचकट होते की त्यातले मोजके जाणकार सोडले तर कोणी त्या वाटेला जात नसे.

यावरचा उपाय १९७६ साली जेम्स व्हाइट यांनी मांडला होता. अर्पानेटच्या टिपणांत ७०७ क्रमांकाचे टिपण त्यांचे आहे. प्रोग्रामर आपल्याच संगणकातल्या एखाद्या कार्याला जसे नाव घेऊन बोलावतो, तसेच त्याने दूरच्या संगणकातल्या कार्यालाही बोलवावे, मधली सगळी उठाठेव एका सामायिक व्यवस्थेने करावी, असा तो विचार. नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८१ साली याच विषयावर प्रबंध लिहिला आणि त्याला रिमोट प्रोसिजर कॉल हे नाव रूढ केले. संगणकवाले आज त्याला आरपीसी म्हणतात. मग बिरेल यांच्यासोबत त्यांनी तो प्रत्यक्ष बांधून दाखवला.

त्यांची रचना पाच भागांची होती. हाक देणारा प्रोग्राम, त्याच्या बाजूचा स्टब, दोन्हीकडे पॅकेटची ने-आण करणारी यंत्रणा, पलीकडचा स्टब आणि काम करणारा सर्व्हर. प्रोग्राम जवळच्या स्टबला हाक देतो. स्टब ते मागणे पॅकेटमध्ये बांधतो, पलीकडचा स्टब ते सोडतो, सर्व्हर काम करतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. हाक देणाऱ्याला वाटते, काम इथेच झाले. दोन्ही स्टब आपोआप लिहून देणारे ल्युपाइन नावाचे साधनही त्यांनी केले. कोणते काम कोणत्या यंत्रावर मिळेल हे विचारायला ग्रेपव्हाइन नावाची निर्देशिका होती. बिरेल यांनी स्वतः तिच्या बांधणीत भाग घेतला होता.

लेखात त्यांनी वेळाही मोजून दिल्या आहेत. काहीही न पाठवता, काहीही परत न घेता केलेली नुसती हाक जाऊन यायला सुमारे १.१ मिलिसेकंद लागत होते. त्याच यंत्रातल्या यंत्रात तीच हाक याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळात होत होती. हे त्यांनी लपवले नाही. जवळचे आणि दूरचे काम दिसायला सारखे केले तरी ते सारखे नसते, याची त्यांना पूर्ण जाणीव होती, आणि म्हणूनच लेखातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग वेगाचा नाही, बिघाडाचा आहे.

समजा, हाक गेली आणि उत्तर आले नाही. याचे अर्थ किती? मागणे वाटेतच हरवले असेल. मागणे पोचले पण सर्व्हर काम करण्याआधीच बंद पडला असेल. काम पूर्ण झाले आणि उत्तर परत येताना हरवले असेल. हाक देणाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर या तिन्ही शक्यता हुबेहूब एकच दिसतात, शांतता. पहिल्या दोन प्रसंगी पुन्हा हाक देणे बरोबर आहे. तिसऱ्या प्रसंगी पुन्हा हाक दिली तर तेच काम दोनदा होते. पैसे दोनदा वळते होतील, नोंद दोनदा चढेल. बिरेल आणि नेल्सन यांनी प्रत्येक हाकेला स्वतःचा क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने काम पुन्हा करायचे नाही. अशा रीतीने त्यांनी एक हमी दिली. उत्तर आले तर काम बरोबर एकदा झाले असे समजा. बिघाडाची सूचना आली तर ते एकदा झाले असेल किंवा झालेच नसेल, पण दोनदा नक्कीच झालेले नाही. यापलीकडची हमी त्यांनी दिली नाही, कारण ती देता येत नाही. आजही येत नाही.

आणखी एक बारकावा. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर जुन्या ओळखीवर आलेली हाक त्यांची यंत्रणा नाकारत असे. पत्ता तोच, यंत्र तेच, पण पलीकडे बसलेला आता आधीचा नाही आणि त्याला मागचे काही आठवत नाही. हा विचार १९८४ सालचा आहे. आज सर्व्हर परत सुरू झाल्यावर जुनी सत्रे तुटतात आणि पुन्हा लॉगइन करा असे पडदा सांगतो, त्यामागे हेच असते. या दोघांना १९९४ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

प्रयोगशाळेबाहेर ही कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सने नेली. १९८४-८५ च्या सुमारास त्यांची एनएफएस ही फायलींची व्यवस्था आली. दूरच्या संगणकावरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडायची, आणि आत सगळे आरपीसी. कोणती सेवा कोणत्या पोर्टवर बसली आहे हे सांगायला पोर्टमॅपर नावाची सेवा १११ क्रमांकाच्या पोर्टवर असे. या व्यवस्थेतून जगाला एक संदेश पाठ झाला: एनएफएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. संदेश आला की संगणक तसाच थिजून राही, आणि सर्व्हर परत आला की जणू काही झालेच नाही असा पुढे चालू लागे. थांबायचे किती, सोडून द्यायचे कधी, हे बहुधा ठरवलेलेच नसे.

मायक्रोसॉफ्टने १९९३ पासून विंडोज एनटीमध्ये आरपीसीची आपली आवृत्ती आणली, ती डीसीई नावाच्या उद्योगातल्या सामायिक मानकावरून घडवलेली. तिथे सेवांचा पत्ता सांगणारा १३५ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. ज्यांनी कधी कार्यालयातले नेटवर्क सांभाळले आहे त्यांना १७२२ हा आकडा वेगळा सांगायला नको. आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही, असा त्याचा अर्थ. घाबरून सगळे यंत्र नव्याने लावू पाहणारे पुष्कळ भेटतात. जाणकार माणूस हाक ज्या वाटेने जाते त्याच वाटेने चालत जातो. आधी त्या संगणकाच्या नावाचा बरोबर पत्ता मिळतो का ते पाहायचे, कारण बऱ्याचदा दोष तिथेच असतो. नाव जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असते. मग ते यंत्र मुळात चालू आहे का. मग १३५ क्रमांकाचा पोर्ट फायरवॉलने अडवला आहे का. तो उघडा असेल आणि तरीही १७५३ हा आकडा आला, तर पत्ता सांगणारा जागा आहे, पण आपल्याला हवी ती सेवा त्याच्याकडे नोंदलेलीच नाही. सेवा नोंदलेली असूनही जोडणी होत नसेल तर संशय पुढच्या पोर्टवर घ्यायचा. खरे काम १३५ वर होतच नाही, ते ४९१५२ च्या पुढच्या कुठल्या तरी पोर्टवर होते, आणि फायरवॉल लावणाऱ्याला हे ठाऊक नसते. शेवटी घड्याळ. डोमेनमधल्या दोन संगणकांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवणारी केर्बेरॉस यंत्रणा नकार देते. मदरबोर्डवरचा सेल संपल्याने वेळ मागे पडलेला संगणक दिवसभर लोकांना नेटवर्कचा दोष शोधायला लावू शकतो.

१९९४ साली सन कंपनीतच दोन इशारे लिहिले गेले. पीटर डॉइच यांनी नेटवर्कबद्दलचे गैरसमज यादी करून मांडले. नेटवर्क भरवशाचे आहे, उत्तर यायला वेळ लागत नाही, वाहून न्यायची क्षमता अमर्याद आहे, अशा समजुतींवर प्रोग्राम लिहिले जातात आणि मग कोसळतात, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी थेट मुळावर बोट ठेवले. जवळची आणि दूरची हाक सारखी दाखवण्याचा प्रयत्नच चुकीचा आहे. जवळ बिघाड झाला तर सगळेच बंद पडते. दूरच्या कामात अर्धे चालू आणि अर्धे बंद असे होऊ शकते, आणि कोणते अर्धे बंद आहे हे सांगणारा कोणी नसतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा फरक दिसलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह मला आजही पटतो.

आरपीसीच कोसळली तर काय होते ते २००३ च्या ऑगस्टमध्ये घराघरांत दिसले. पोलंडमधल्या संशोधकांच्या एका गटाला विंडोजच्या आरपीसीमध्ये एक भगदाड सापडले होते. १३५ क्रमांकाच्या पोर्टवर विशिष्ट प्रकारे रचलेले मागणे पाठवले की त्या संगणकाचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला दुरुस्ती जाहीर केली. ती बहुतेकांनी घातली नाही. ११ ऑगस्टला ब्लास्टर नावाचा वर्म पसरू लागला. त्याला कोणी फाइल उघडायची किंवा ईमेल वाचायची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते.

विंडोज एक्सपीच्या पडद्यावर एक चौकट यायची. रिमोट प्रोसिजर कॉल सेवा अनपेक्षितपणे बंद पडल्याने संगणक बंद होत आहे, आणि खाली साठ सेकंदांची उलटी मोजणी. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. तालुक्या-तालुक्याला संगणक केंद्रे निघत होती, सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने इंटरनेट मिळत होते, आणि बहुसंख्य यंत्रांवर विंडोजच होते. आरपीसी ही तीन अक्षरे सामान्य माणसाने पहिल्यांदा वाचली ती या चौकटीत. संगणक बंद का होत होता? कारण आरपीसी बंद पडली की विंडोजचे आतले असंख्य भाग एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, म्हणून ती कोसळल्यास यंत्र पुन्हा सुरू करावे असेच ठरवून ठेवलेले होते. साठ सेकंदांत शटडाउनची आज्ञा उणे ए जोडून दिली की मोजणी थांबायची, मग फायरवॉल चालू करून दुरुस्तीची फाइल उतरवायची. आठवडाभरात वेल्चिया नावाचा दुसरा वर्म आला. तो ब्लास्टरला काढून दुरुस्ती बसवत होता, पण ते करताना त्याने नेटवर्क इतके भरून टाकले की उपाय अपायाइतकाच जाचक ठरला. ब्लास्टरचा मूळ कर्ता कधीच उघड झाला नाही.

ही सगळी शहरांतली, कार्यालयांतली गोष्ट होती. गावापर्यंत ती आली आधारच्या वाटेने, आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांचा. कार्ड मिळाले हे वर्तमानपत्रांत छापून आले. पण आधारचा गाभा कार्ड नव्हेच. हा अंगठा या क्रमांकाच्या माणसाचा आहे का, एवढा एकच प्रश्न दुरून विचारता यावा आणि हो किंवा नाही असे उत्तर मिळावे, हा तो गाभा. बिरेल आणि नेल्सन यांच्या अर्थाने ही निखळ दूरची हाक आहे, आणि एकाच देशातून ती रोज कोट्यवधी वेळा दिली जाऊ लागली.

महाराष्ट्रात २०१७-१८ च्या सुमारास रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रे बसली. राज्यात पन्नास हजारांहून अधिक दुकाने आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे सात कोटी लाभार्थी, म्हणजे ही लहानसहान उभारणी नव्हती. रेणापुरातल्या दुकानदाराने शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकला की ती हाक सिमकार्डावरून मोबाइल टॉवरला, तिथून राज्याच्या सर्व्हरला जाते. घरातल्या माणसांची नावे परत येतात. नाव निवडून अंगठा घेतला की तो ठसा सांकेतिक स्वरूपात बांधला जातो. राज्याच्या सर्व्हरकडून तो अधिकृत मध्यस्थ संस्थेकडे आणि तिच्या राखीव लाइनीवरून आधार प्राधिकरणाच्या केंद्रीय भांडारात पोचतो. ही माहिती-केंद्रे बेंगळुरूला आणि हरियाणातल्या मानेसरला आहेत. उत्तर त्याच साखळीने परत रेणापूरला. यातली एक कडी तुटली की पाच किलो धान्य अडते. अंत्योदय कुटुंबाचे पस्तीस किलो अडते.

आणि दुकानातून रांगेला एकच उत्तर मिळते, सर्व्हर डाऊन.

याची मला मनापासून चीड येते, आणि ती दुकानदारावर नाही. त्याच्या हातात जे यंत्र दिले आहे त्याच्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ किंवा एक आकडा येतो आणि त्याचा अर्थ त्याला कोणी शिकवलेला नसतो. आधार प्राधिकरणाने बिघाडांचे आकडे नीट ठरवून प्रसिद्ध केलेले आहेत. ३०० म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही. हा सर्व्हरचा दोष नाहीच. हाक बेंगळुरूपर्यंत गेली, सगळ्या कड्या शाबूत होत्या, उत्तरही आले, ते फक्त नाही असे आले. सोयाबीनच्या खुरपणीने आणि उसाच्या तोडणीने रेषा झिजलेल्या बाईला सर्व्हर डाऊन सांगून परत पाठवले तर ती उद्या येईल, परवा येईल, आणि दर वेळी तेच होईल. तिला हवे असते दुसरे बोट, हात धुऊन पुसून केलेला दुसरा प्रयत्न, डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख, मोबाइलवरचा ओटीपी किंवा आधार केंद्रावर ठसे नव्याने देणे. ३३० म्हणजे त्या व्यक्तीने, किंवा तिच्यासाठी कोणी, ठसे बंद करून ठेवले आहेत. तेही पुन्हा उघडता येतात. ९९८ म्हणजे आधार क्रमांकच चुकीचा. बऱ्याचदा शिधापत्रिकेत तो चढवताना एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते, दुकानापुढे चार दिवस उभे राहून होत नाही.

५६१ म्हणजे मागणे शिळे झाले. ५६२ म्हणजे मागण्यावरची वेळ भविष्यातली आहे. दोन्हींत घड्याळ तपासायचे. केर्बेरॉसची पाच मिनिटे आणि हा ५६२, दोन वेगळ्या व्यवस्थांतला एकच दोष. ५६३ म्हणजे हेच मागणे आधी येऊन गेले आहे. पालो आल्टोमध्ये प्रत्येक हाकेला क्रमांक का दिला होता ते इथे दिसते. पॅकेट वाटेत रेंगाळले, यंत्राने ते पुन्हा पाठवले, आणि पलीकडच्याने दुसरे मागणे ओळखून नाकारले. आणि जेव्हा आकडाच येत नाही, गोल फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो, तेव्हा दोष टॉवरमध्ये, सिममध्ये किंवा राज्याच्या सर्व्हरमध्ये आहे असे म्हणता येते. तिथेही फरक करता येतो. शेजारच्या गावातले, दुसऱ्या कंपनीचे सिम असलेले यंत्र चालत असेल तर दोष आपल्या सिमचा किंवा टॉवरचा. जिल्हाभरची दुकाने एकदम अडली असतील तर सर्व्हरचा. महिन्याच्या ज्या दिवसांत सगळीकडे वाटप एकदम सुरू होते, तेव्हा हा दुसरा प्रकार जास्त.

सर्वांत वाईट प्रसंग तिसराच. अंगठा लागला, ठसा जुळला, वजनाची नोंद गेली आणि पावती यायच्या क्षणी जोडणी तुटली. दुकानदाराच्या पडद्यावर काहीच नाही. सर्व्हरवर मात्र धान्य दिल्याची नोंद झालेली असू शकते. १९८४ च्या लेखातली तिसरी शक्यता ती हीच. अशा वेळी घाईने पुन्हा अंगठा घेणे किंवा ग्राहकाला रिकाम्या हाताने परत पाठवणे, दोन्ही चूक. आधी पाहायचे की नोंद झाली आहे का. महा-ई-पॉसच्या संकेतस्थळावर शिधापत्रिका क्रमांक टाकला की त्या महिन्याची उचल दिसते. नोंद असेल तर धान्य त्याच क्षणी द्यायचे, कारण कागदोपत्री ते दिले गेलेले आहे. एवढी एक गोष्ट प्रत्येक दुकानदाराला कळली तर पुष्कळ भांडणे आणि पुष्कळ संशय मिटेल.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे नाही. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना लेखी कळवले की आधार नाही, नेटवर्क नाही किंवा ठसा जुळत नाही या कारणांनी पात्र माणसाला धान्य नाकारायचे नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण ठसा न जुळल्याने लोक वगळले जाण्याचा मुद्दाही त्यात विचारात घेतला. कोरोनाच्या काळात महाराष्ट्राने ग्राहकाऐवजी दुकानदाराचा अंगठा घेऊन वाटपाची मुभा दिली. म्हणजे पर्यायी वाट काढता येते. ती आणीबाणीपुरतीच का असावी, हा माझा प्रश्न आहे.

न्याय्य होण्यासाठी दुसरी बाजूही सांगायला हवी. याच दूरच्या हाकेमुळे ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरातच्या शिधापत्रिका एकमेकांच्या दुकानांत चालू लागल्या आणि पुढे ती सोय देशभर झाली. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांचे रेशन पूर्वी गावच्या दुकानात अडकून पडायचे. आता ते फडाजवळच्या गावात उचलता येते. कागदी नोंदवहीने हे कधीच साधले नसते. मला व्यवस्था मोडायची नाही, तिने खरे बोलावे एवढेच हवे आहे.

सगळ्याच सरकारी यंत्रणा रेशनसारख्या जागच्या जागी अडत नाहीत, हे २०२१ मध्ये दिसले. १५ ऑगस्टपासून महसूल विभागाची ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पीकपेरा लिहायचा, तो आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून मोबाइलवर नोंदवायचा. रेणापूर तालुक्यातल्या सोयाबीनच्या शिवारात प्रत्येक ठिकाणी रेंज असतेच असे नाही. पण हे अ‍ॅप माहिती फोनमध्ये साठवते आणि गावात आल्यावर, नेटवर्क मिळाल्यावर पाठवते. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये वेळ जाऊ शकतो, हे इथे आधीच गृहीत धरलेले आहे. वाल्डोंचा इशारा ऐकून केलेली रचना अशी असते. शेवटच्या तारखेला सगळे एकदम पाठवू लागले की तेही अडते, हे खरे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत अ‍ॅपवर भरताना राज्यभर हेच झाले. दिवसभर सर्व्हर हलेना, म्हणून लोक रात्री जागून अर्ज भरत बसले. तारीख एक, राज्य अवघे, हे ठरवणाऱ्याने क्षमतेचा हिशेब आधी करायला हवा होता.

रेशनच्या यंत्रातही साठवून नंतर पाठवण्याची सोय हवी. ठराविक प्रयत्नांनंतर, ठराविक मिनिटांनंतर यंत्राने स्वतःच दुकानदाराला सांगावे की हे धान्य आता नोंदवहीत लिहून द्या, जोडणी आली की मी नोंद चढवीन. आणि ज्या आकड्याने अडवले तो आकडा पडद्यावर मराठीत यावा. बोट जुळले नाही. नेटवर्क नाही. क्रमांक चुकीचा आहे. नोंद झाली, पावती राहिली. ट्रंक कॉलचा ऑपरेटर जी चार उत्तरे देत होता, ती द्यायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. आकडे ठरलेले आहेत, फक्त मराठी ओळी लिहायच्या आहेत.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. दुकानदारांनी यंत्राशेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येक अडचणीची तारीख, वेळ आणि पडद्यावरचा आकडा त्यात लिहावा. महिन्याअखेरीस ती वही तहसीलला दाखवली तर सर्व्हर किती वेळा खरोखर बंद होता आणि ठसे किती वेळा जुळले नाहीत, हे तालुक्याला पहिल्यांदा कळेल. ग्राहकांनी सर्व्हर डाऊन या उत्तरावर परत फिरू नये, पडद्यावर काय लिहून आले ते विचारावे आणि लिहून घ्यावे. घरात कोणाचे ठसे जुळत नसतील तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता ते नव्याने द्यावेत. आणि धान्य नाकारलेच तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ठसा जुळला नाही किंवा रेंज नव्हती, या कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारता येत नाही, असे लेखी आदेश २०१७ पासून आहेत.